गावी राहून शहरातली नोकरी: कोकणात मुक्काम हलवताना कामे कोणत्या क्रमाने करावीत

पुण्या-मुंबईतली नोकरी कायम ठेवून कोकणातल्या गावी राहायला जाणाऱ्यांची फसगत बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते आणि ते ठिकाण म्हणजे कामांचा क्रम. माणूस डिसेंबरात किंवा मे महिन्यात गावी येतो, त्याला घर आवडते, तो भाडे ठरवतो, मग नेटची चौकशी करतो, दोनदा लाइट गेल्यावर इन्व्हर्टर आणतो आणि सगळी घडी बसली असे वाटल्यावर कंपनीला कळवतो. हा क्रम पूर्ण उलटा आहे. आधी परवानगी, मग नेट, मग वीज, त्यानंतर घर, आणि करारावर सही करण्याआधी भर पावसाळ्यात राहून पाहणे, असा क्रम ठेवला तर जे जमणार नाही ते पैसे अडकण्याआधी कळते.

मी स्वतः उलट्या क्रमाने गेलो होतो, म्हणून हे लिहीत आहे. जानेवारीत घर घेतले आणि पहिल्या पाच महिन्यांत एकही बैठक चुकली नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी सकाळी दहाला लाइट गेली. घरात इन्व्हर्टर होता, त्यामुळे मी निश्चिंत होतो. साडेबाराला फायबर बंद पडले, कारण नाक्यावरच्या ज्या दुकानाच्या माळ्यावर नेटवाल्याचे यंत्र होते तिथली बॅटरी संपली होती. दोनच्या सुमारास मोबाइल टॉवरची बॅटरी संपली आणि रेंजही गेली. चार वाजता ग्राहकासमोर सादरीकरण होते. मी दुचाकीवरून नऊ किलोमीटरवरच्या सड्यावर, म्हणजे उंच कातळी पठारावर, गेलो आणि एसटीच्या निवाऱ्यात भिंतीला पाठ लावून, लॅपटॉपवर झड येऊ नये म्हणून एका हाताने रेनकोट धरून, ते सादरीकरण केले. माझ्या घरातला दिवा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चालू होता. बंद पडले होते ते सगळे घराबाहेरचे. पुढचे टप्पे लिहिताना हा दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे.

हे मार्गदर्शन भारतातल्या कंपनीत पगारावर काम करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणे रत्नागिरी-सिंधुदुर्गातली असली तरी दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत आणि सीमेपलीकडे गोव्यातही अडचणी जवळजवळ याच येतात.

टप्पा १: कंपनीची लेखी परवानगी

वरिष्ठांनी फोनवर दिलेला होकार ही परवानगी नव्हे. वरिष्ठ बदलतात, प्रकल्प बदलतो आणि नव्या माणसाला जुने बोलणे माहीत नसते. म्हणून मनुष्यबळ विभागाला ईमेल पाठवून पुढील गोष्टींची उत्तरे लेखी घ्यावीत.

पहिली गोष्ट, तुमचे कामाचे ठिकाण कागदोपत्री कोणते राहणार. कंपनी ते शहरातच ठेवते की गावाचा पत्ता नोंदवते, यावर भत्ते आणि काही कंपन्यांत पगाराची श्रेणीही अवलंबून असते. दुसरी गोष्ट, कार्यालयात महिन्यातून किती दिवस यावे लागेल आणि बोलावणे किती दिवस आधी येईल. "उद्या सकाळी या" हे पुण्यात राहणाऱ्याला जमते. कुडाळहून निघणाऱ्याला निदान तीन दिवसांची पूर्वसूचना हवी आणि ती मागण्यात संकोच करू नये. तिसरी गोष्ट, ग्राहकाशी झालेल्या करारात कामाच्या जागेविषयी अट आहे का. बँका, विमा आणि आरोग्य क्षेत्रातल्या ग्राहकांची माहिती हाताळणाऱ्यांना नोंदवलेल्या पत्त्याबाहेरून काम करण्यास कित्येकदा मनाई असते आणि ती अट तुमच्या वरिष्ठांनाही ठाऊक नसू शकते. चौथी गोष्ट, लॅपटॉप बिघडला तर बदली यंत्र कुरिअरने किती दिवसांत मिळेल आणि तोवरचे दिवस रजेत धरले जातील का.

राज्य बदलणार असेल तर तेही या ईमेलमध्ये स्पष्ट लिहावे. बांदा आणि पेडणे यांत अंतर थोडे असले तरी मध्ये राज्याची सीमा आहे. महाराष्ट्रात पगारातून वर्षाला २५०० रुपयांपर्यंत व्यवसाय कर कापला जातो, गोव्यात तो कर नाही. आणि कोणत्या राज्याचे नियम लागू करायचे हे कंपनीने ठरवायचे असते, तुम्ही नव्हे.

*इशारा:* कार्यालयाच्या व्हीपीएनमुळे (कंपनीच्या जाळ्यात शिरण्याच्या सुरक्षित जोडणीमुळे) किंवा लॅपटॉपमधल्या सुरक्षा प्रणालीमुळे तुम्ही कुठून काम करत आहात हे कंपनीला बहुधा दिसतेच. न सांगता गावी जाऊन पाहू, असा विचार करू नये. जी परवानगी मागून मिळाली असती, ती अशा रीतीने कायमची गमावली जाते.

टप्पा २: टेबल असेल तिथे बसून नेटची परीक्षा

गावात फाइव्ह-जी आले आहे किंवा शेजाऱ्यांकडे फायबर आहे, एवढ्या माहितीवर काही ठरत नाही. शेजारी रात्री मालिका पाहतात. त्यांचा प्रवाह क्षणभर थांबला तरी त्यांना कळत नाही, कारण पुढचा काही भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. बैठकीत तशी सोय नसते. बोलणे तुटले की ते तुटलेलेच.

त्यामुळे ज्या खोलीत टेबल ठेवणार त्याच खोलीत बसून परीक्षा घ्यावी. जांभ्या दगडाच्या जाड भिंतींमुळे अंगणात तीन काड्या दाखवणारी रेंज माजघरात एका काडीवर येते. तीन दिवस, दिवसातून तीनदा मोजणी करावी: सकाळी अकरा, दुपारी चार आणि रात्री नऊ. रात्री नऊची मोजणी सोडू नये, कारण तेव्हा गावातले सगळे फोन एकाच टॉवरवर असतात आणि परदेशी ग्राहकांच्या बैठकाही त्याच वेळी असतात.

मोजताना डाउनलोडच्या मोठ्या आकड्याकडे पाहू नये. व्हिडिओ बैठकीला तीन-चार एमबीपीएस (नेटचा वेग मोजण्याचे एकक) पुरतात, पण ते अपलोडलाही सतत मिळावे लागतात. त्याहून महत्त्वाची परीक्षा पिंगची, म्हणजे दूरच्या यंत्राकडे लहान संदेशाचे पाकीट पाठवून उत्तर येते का ते पाहण्याची आहे. लॅपटॉपवरून दर सेकंदाला एक याप्रमाणे दहा मिनिटे पिंग चालू ठेवावे. सुमारे ६०० पाकिटे जातात आणि त्यांतली किती परत आली नाहीत ते शेवटी दिसते. सहापेक्षा जास्त हरवली, म्हणजे नुकसान एक टक्क्याच्या वर गेले, तर आवाज तुटणार हे धरून चालावे, मग डाउनलोड शंभर एमबीपीएस का दिसेना. ही परीक्षा कार्यालयाचे व्हीपीएन सुरू ठेवून पुन्हा एकदा घ्यावी. काही जोडण्यांवर साधे नेट उत्तम चालते आणि व्हीपीएन मात्र दर वीस मिनिटांनी तुटते. असे होत असेल तर कंपनीच्या तांत्रिक विभागाशी आधीच बोलावे.

रेंज कमी आहे म्हणून ऑनलाइन मिळणारा मोबाइल सिग्नल बूस्टर आणून छपरावर लावू नये. खासगी व्यक्तीने असा बूस्टर लावणे बेकायदा आहे आणि त्याने सगळ्या वाडीची रेंज बिघडते. बाहेर अँटेना लावता येईल असा सिमचा राउटर मात्र चालतो आणि खोलीत वाय-फाय असेल तर फोनमधले वाय-फाय कॉलिंग सुरू केल्याने साधे फोनही नीट येतात.

*तपासणी:* नऊ मोजण्या वहीत आहेत का? त्यांतल्या निदान आठ समाधानकारक नसतील तर त्या घराचा विचार इथेच सोडावा.

टप्पा ३: दोन जोडण्या, पण दोन वेगळ्या वाटांच्या

एक फायबर आणि एक सिम, एवढे ठेवणारे पुष्कळ असतात. त्यांची चूक अशी की दोन्ही एकाच कारणाने बंद पडतात, हे त्यांनी तपासलेले नसते. गावातल्या टॉवरला येणारी केबल आणि तुमच्या घरी येणारे फायबर रस्त्याच्या एकाच कडेने आलेले असू शकते. रुंदीकरणाच्या जेसीबीने तिथे एक फावडे मारले की दोन्ही जातात. एकाच कंपनीचे फायबर आणि त्याच कंपनीचे सिम घेण्यातही हाच धोका आहे. म्हणून दुसरी जोडणी वेगळ्या कंपनीची घ्यावी आणि शक्य तर तिचा टॉवर वेगळ्या ठिकाणचा असावा.

खेड्यांत बीएसएनएलचे फायबर पुष्कळदा स्थानिक भागीदारामार्फत मिळते. इतर कंपन्यांचेही काम केबलवाल्यांमार्फत चालते. जोडणी घेण्याआधी त्या माणसाला प्रत्यक्ष भेटावे आणि तीन प्रश्न विचारावेत. ओएलटी, म्हणजे जिथून गावभर फायबर फुटते ते यंत्र, कुठे ठेवले आहे? लाइट गेल्यावर ते किती तास चालते? आणि केबल तुटली तर जोडायला कोण येते, तो कुठे राहतो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "तालुक्याहून माणूस येतो" असे आले, तर पावसाळ्यात एका तुटीला दोन दिवस धरावेत. दुसऱ्या प्रश्नावर तो थोडा थांबला आणि "चालते की दिवसभर" म्हणाला, तर यंत्र प्रत्यक्ष पाहायला मागावे. मी ते पाहिले असते तर माळ्यावरची लहानशी बॅटरी मला जानेवारीतच दिसली असती.

केबल घरापर्यंत कशी येते तेही पाहावे. आंब्या-फणसाच्या फांद्यांवरून आणलेली केबल माकडे ओढतात, वाऱ्यात फांदी मोडली की ती तुटते आणि खार कुरतडते ती वेगळीच. खांबावरून थेट, झाडांना न टेकता आणायला शे-दोनशे रुपयांची केबल जास्त लागली तरी ती लावून घ्यावी.

सिमच्या बाबतीत लक्षात न येणारी गोष्ट डेटाची आहे. व्हिडिओ बैठकीला तासाला साधारण एक जीबी लागतो. रोज दीड-दोन जीबी देणारा रिचार्ज असेल तर फायबर गेल्यावर दीड-दोन तासांत मर्यादा संपते आणि वेग ६४ केबीपीएसवर उतरतो, म्हणजे बैठक बंदच. जादा डेटाचे व्हाउचर आधीच घालून ठेवावे. रेंज अडखळत असताना रिचार्ज करत बसणे फार कठीण जाते.

गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात चाकरमानी गावी आले की त्याच टॉवरवर कित्येक पटींनी फोन वाढतात. त्या दिवसांत सिमची जोडणी जवळजवळ नाहीच असे धरावे आणि महत्त्वाच्या बैठका त्या आठवड्यांत ठेवू नयेत.

टप्पा ४: विजेचा हिशेब कागदावर

इन्व्हर्टर घेताना दुकानदार "चार पंखे, सहा बल्ब" अशा भाषेत बोलतो. तुम्हाला हिशेब वॉट आणि तासांत हवा.

१२ व्होल्टची १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही काही वीज खर्च होते. ८० टक्के वापर आणि ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर हाती साधारण १२०० वॉट-तास उरतात. आता भार मांडावा: लॅपटॉप ५०, वेगळा मॉनिटर २५, साधा छताचा पंखा ७०, दोन एलईडी दिवे १८ आणि फायबरचा डबा (बाहेरची केबल ज्यात येते ते यंत्र) व राउटर मिळून २०. बेरीज १८३ वॉट, म्हणजे साडेसहा तास. तोच हिशेब मॉनिटर बंद, एक दिवा आणि ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा धरून केला तर बेरीज १०९ वॉट येते आणि तीच बॅटरी अकरा तास चालते. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखा बदलावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. हे आकडे नव्या बॅटरीचे आहेत. दोन पावसाळ्यांनंतर ते उतरतात.

सगळ्यात जास्त विसरला जातो तो बॅटरी पुन्हा भरण्याचा हिशेब. एवढी रिकामी झालेली बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. जुलैत दिवसभर लाइट जाऊन रात्री तीन तास आली आणि पहाटे पुन्हा गेली, तर दुसऱ्या दिवशी तुमच्या हाती पाव बॅटरी असते. ज्यांचा पहिला दिवस सुखरूप गेला, त्यांची पंचाईत बहुधा दुसऱ्या दिवशी होते. म्हणून लाइट गेल्यावर पहिल्या तासापासूनच मॉनिटर, टीव्ही आणि जादा दिवे बंद करावेत.

यासाठी सौर पॅनेल बसवणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पीएम सूर्यघर योजनेत अनुदानावर, म्हणजे तीन किलोवॉट व त्यावरच्या संचाला ७८,००० रुपये, जी यंत्रणा बसते ती सहसा महावितरणच्या तारांशी जोडलेली असते. लाइट गेली की अशी यंत्रणा सुरक्षेसाठी आपोआप बंद होते, कारण तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला तिचा झटका बसू नये. वीजबिल त्याने नक्की उतरते, पण लाइट नसताना दिवा लागत नाही. त्यासाठी बॅटरीसह चालणारा संचच लागतो आणि तोही आषाढ-श्रावणात फारसे काही देत नाही.

इन्व्हर्टरवर दोन पद्धतींचे बटण असते. ते यूपीएसवर ठेवावे. दुसऱ्या पद्धतीत लाइट जाताना क्षणभराचा खंड पडतो, तेवढ्यात राउटर पुन्हा सुरू होतो आणि बैठकीतून तुम्ही दोन-तीन मिनिटे बाहेर पडता. फायबरच्या डब्याला आणि राउटरला १२ व्होल्टचा लहान डीसी यूपीएस वेगळा लावला तर आणखी चांगले.

व्होल्टेजही मोजून घ्यावे. वाडी डीपीपासून (रोहित्रापासून) लांब असेल तर संध्याकाळी, पंप सुरू असताना, २३० च्या जागी १८० व्होल्ट मिळतात. अशा ठिकाणी इन्व्हर्टर लाइट असूनही बॅटरीवर जातो आणि मालकाला वाटते, बॅटरी खराब आहे. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. कातळावरच्या आणि जांभ्याच्या जमिनीत ते मुळातच कमजोर असते आणि उन्हाळ्यात जमीन सुकली की आणखी बिघडते. एप्रिल-मे मध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतण्याची सवय ठेवावी.

*इशारा:* वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात विजा सर्वांत जास्त पडतात. ढग गडगडू लागले की चार्जर, राउटर आणि डब्याची पिन काढावी. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण तिच्यासोबत लोखंडी तार असू शकते, शिवाय डिशची केबल तांब्याची असते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे दामिनी हे ॲप जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना देते; ते फोनमध्ये असावे.

महावितरणच्या बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक फोनमध्ये जतन करावा. १९१२ वर तक्रार नोंदवताना तोच विचारतात. आजोबांच्या नावावरचा मीटर असेल तर नावबदलाचे काम घर लावण्यापूर्वी सुरू करावे.

टप्पा ५: घर आणि कामाची खोली

इथवर आल्यावर घर पाहावे. नेट आणि वीज ज्या दोन-तीन वाड्यांत जमते असे दिसले, त्यांच्यातलेच घर शोधायचे.

कामाच्या खोलीवर पत्रा नको. पत्र्यावर जुलैचा पाऊस कोसळू लागला की समोरच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. आवाज गाळणारा हेडफोन तुमच्या कानापुरता उपयोगी, पण माइकमधून पलीकडच्यांना तो गडगडाटच ऐकू जातो. कौलारू छप्पर किंवा स्लॅब असलेली खोली निवडावी. कौलारू असेल तर टेबलाच्या वरची कौले मे महिन्यात शाकारून घ्यावीत. पडवीत बसून काम करण्याचे चित्र सगळ्यांच्या मनात असते, पण झड पडवीच्या आतल्या भिंतीपर्यंत येते. तिथे झापे किंवा ताडपत्री लावल्याशिवाय जून ते सप्टेंबर टेबल ठेवता येत नाही.

ओल हा दुसरा शत्रू. टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावे, एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर न ठेवता टेबलाच्या पायाला बांधावा, लॅपटॉप रात्री सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावा. बंद पडलेले राउटर मी उघडून पाहिले तेव्हा आत मुंग्यांनी अंडी घातलेली होती. खालची जाळी बारीक कापडाने झाकली तर हे टळते, फक्त हवा कोंडणार नाही इतकेच विरळ कापड घ्यावे.

वडिलोपार्जित घर असेल तर भाडे वाचते, पण चुलते आणि भावंडे यांची संमती घ्यावी लागते. इन्व्हर्टर, वायरिंग आणि छपराचा खर्च कोण करणार आणि गणपतीत सगळे आले की कामाची खोली कोणाची, हे दोन प्रश्न आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावेत.

टप्पा ६: जुलैत तीन आठवडे राहून पाहणे

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले. अशी वर्षे नेहमी येत नाहीत, पण साध्या जुलैतही डिसेंबरातला गाव ओळखू येत नाही.

घरमालकाला विनंती करून तीन आठवड्यांचे भाडे द्यावे किंवा त्याच वाडीत कोणाकडे तरी राहावे आणि रजा न घेता नेहमीचे काम तिथून करावे. रोज वहीत चार नोंदी ठेवाव्यात: लाइट कधी गेली, कधी आली, फायबर कधी बंद पडले, सिम कधी बंद पडले. माझा निकष असा आहे की पंधरा कामकाजाच्या दिवसांत दोन्ही जोडण्या एकाच वेळी कामाच्या वेळेत दोनदापेक्षा जास्त बंद पडल्या, तर त्या वाडीत राहून नोकरी करू नये.

याचा अर्थ कोकणच सोडावे असा नाही. देवरुख, लांजा, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, दापोली अशा गावांच्या बाजारपेठेत वीज लवकर येते आणि जोडण्याही जास्त मिळतात. वाडीत राहून अशा ठिकाणी कामापुरती एक खोली भाड्याने घेणारे लोक आहेत आणि त्यांचे बरे चालले आहे. तीही सोय नसेल तर निदान वीस मिनिटांच्या अंतरावर, दुसऱ्या टॉवरच्या हद्दीत, जिथे टेबल आणि प्लग मिळेल अशी एक जागा हेरून ठेवावी आणि तिथल्या माणसाला आधी सांगून ठेवावे.

*तपासणी:* या तीन आठवड्यांत एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून पूर्ण दिवस काम करावे. टप्पा ४ मधला हिशेब खरा ठरतो की नाही ते त्या दिवशी कळते.

टप्पा ७: करार आणि कर

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार अकरा महिन्यांचा केला म्हणजे नोंदणी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के असते आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ती रक्कम त्यात मिळवतात. महिना ८,००० रुपये भाडे, २५,००० डिपॉझिट आणि दोन वर्षांची मुदत असेल तर १,९२,००० अधिक ५,००० म्हणजे १,९७,००० रुपयांवर सुमारे ५०० रुपये येतात. ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये आहे, नगरपालिका क्षेत्रात १,०००. नोंदणी ऑनलाइन होते. गावातला मालक "आपल्यात कशाला कागद" म्हणाला तर त्याला समजावून सांगावे की हा कागद कंपनीलाही लागतो आणि नेटची जोडणी तुमच्या नावावर घ्यायलाही उपयोगी पडतो.

घरभाडे भत्त्यावरची करसवलत जुन्या करप्रणालीतच मिळते. नव्या प्रणालीत ती नाही. स्वतःच्या मालकीच्या घरात राहून ती घेता येत नाही. आई-वडिलांच्या घरासाठी घ्यायची असेल तर भाडे दरमहा खरोखर त्यांच्या खात्यावर गेलेले असावे आणि ते त्यांच्या उत्पन्नात दाखवले जावे. भाडे वर्षाला एक लाखाच्या वर गेले तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. शहर सोडल्यानंतरही जुन्या घराची भाडेपावती देत राहणे ही खोटी माहिती आहे. मुक्काम हलवला त्या महिन्यापासून कंपनीला नवा पत्ता आणि नवे भाडे कळवावे.

टप्पा ८: दवाखाना, गाडी आणि शेजार

कंपनीच्या आरोग्य विम्यात कॅशलेस सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते आणि तिथे पावसात पोहोचायला किती वेळ लागतो, हे नकाशावर न पाहता एकदा गाडीने जाऊन पाहावे. सर्पदंशावरचे प्रतिविष कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असते ते विचारून ठेवावे. १०८ ची रुग्णवाहिका वाडीपर्यंत येते की रस्त्यावर थांबते, तेही शेजारी सांगतात.

कार्यालयात जाण्याचे दिवस ठरलेले असतील तर रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते हे धरून तिकिटे काढावीत. गणपतीच्या दिवसांतली तिकिटे उघडताच संपतात. जूनच्या मध्यापासून कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागू होते, गाड्या सावकाश चालतात आणि वेळा बदलतात. सकाळची बैठक असेल तर आदल्या दिवशीच पोहोचावे.

गावात घरी बसलेला माणूस मोकळा समजला जातो. कोणी कामासाठी हाक मारली तर त्यात वाईट हेतू नसतो. पहिल्याच आठवड्यात वाडीतल्या चार घरी जाऊन कामाची वेळ सांगावी आणि संध्याकाळी सहानंतर मात्र बोलावल्या ठिकाणी आवर्जून जावे. केबलवर फांदी पडल्याचे पहिल्यांदा शेजारच्या काकूंनाच दिसते आणि लाइनमन कोणत्या वाडीत काम करतो आहे हेही त्यांनाच माहीत असते.

टप्पा ९: शहरातले घर केव्हा सोडावे

गावी गेल्याबरोबर शहरातली खोली सोडू नये. जूनमध्ये आलात तर निदान सप्टेंबरअखेरपर्यंत आणि नोव्हेंबरात आलात तर पुढच्या ऑगस्टपर्यंत ती हाताशी ठेवावी. एवढे भाडे परवडत नसेल तर मित्राकडे किंवा नातेवाइकांकडे महिनाभर राहता येईल अशी बोलणी पक्की करून ठेवावीत, कारण कंपनीने अचानक परत बोलावले तर आठवड्यात नवे घर मिळत नाही.

सोडायचे ठरल्यावर आधी करारातला नोटिशीचा काळ आणि लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही तो काळ, पाहावा. जड सामान पावसाळ्यात ट्रकने आणू नये. पुस्तके, गाद्या आणि लाकडी कपाटे दिवाळीनंतर आणावीत. डिपॉझिट परत मिळायला महिना-दीड महिना लागतो. बॅटरी, दुसरी जोडणी आणि छपराची डागडुजी यांचा खर्च नेमका त्याच सुमारास अंगावर आलेला असतो; तेव्हा त्या डिपॉझिटच्या भरवशावर कोणालाही पैसे देण्याची तारीख सांगू नये.